नेटवर्कवरील रूट : एम्बेडेड बोर्डावर लिनक्स उभारण्याची पद्धत

राउटर, सेट-टॉप बॉक्स, कारखान्यातील नियंत्रक अशा असंख्य उपकरणांच्या पोटात आज लिनक्स ही संगणकप्रणाली काम करते. ती उपकरणात कायमची बसवण्यापूर्वी विकसकाला असंख्य वेळा बदलून पाहावी लागते. प्रत्येक बदलानंतर बोर्डावरील मेमरी कार्ड काढायचे, संगणकात घालायचे, नव्या फायली उतरवायच्या, कार्ड पुन्हा बोर्डात बसवायचे आणि वीज सुरू करायची, असा क्रम ठेवला तर एका ओळीच्या दुरुस्तीमागे काही मिनिटे खर्ची पडतात. दिवसभरात अशा तीस-चाळीस फेऱ्या झाल्या की कामाचा मोठा भाग कार्डाची ने-आण करण्यातच संपतो. शिवाय लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्डावरील मजकूर बिघडण्याची भीती असतेच.

यावरील जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे बोर्डाच्या फायली बोर्डावर ठेवायच्याच नाहीत. त्या विकसकाच्या संगणकावर एका फोल्डरमध्ये असतात आणि बोर्ड नेटवर्कच्या तारेतून त्यांचा वापर करतो. संगणकावर फाइल बदलली की बोर्डावर ती बदललेलीच असते. या मांडणीला ‘एनएफएस रूट’ म्हणतात.

संकल्पना कोठून आली?

लिनक्समधील सर्व फायली एकाच झाडाच्या फांद्यांप्रमाणे रचलेल्या असतात. या झाडाच्या मुळाला ‘रूट’ आणि त्यावरील संपूर्ण मांडणीला ‘रूट फाइलसिस्टिम’ म्हणतात. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू झाल्यावर आधी हे मूळ शोधतो. ते सापडले नाही तर कर्नल तेथेच थांबतो, कारण पुढे चालवायचा एकही प्रोग्राम त्याच्या हाती नसतो.

हे मूळ दुसऱ्या यंत्रावर ठेवण्याची सोय ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ या पद्धतीने झाली. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४ मध्ये विकसित केली. त्या काळी हार्ड डिस्क महाग होती. त्यामुळे अनेक कार्यस्थानकांना स्वतःची डिस्क न देता ती सर्व एका सर्व्हरवरून चालवणे परवडत असे. पुढे डिस्क स्वस्त झाल्या आणि कार्यालयांतून ही पद्धत मागे पडली. एम्बेडेड क्षेत्रात मात्र ती टिकली, कारण येथे प्रश्न डिस्कच्या किमतीचा नसून विकसकाच्या वेळेचा आहे.

उदाहरणादाखल एक बोर्ड

विवेचन नेमके राहावे म्हणून येथे ‘बीगलबोन ब्लॅक’ हा बोर्ड गृहीत धरला आहे. २०१३ मध्ये तो ४५ डॉलरला बाजारात आला. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एक गिगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट रॅम आणि सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे इथरनेट आहे. इतर बोर्डांवर फायलींची नावे आणि पत्ते बदलतात; टप्पे बहुतांशी हेच राहतात.

साहित्य फारसे लागत नाही. लिनक्स असलेला एक संगणक, नेटवर्कची एक तार, बोर्डाला वीज देणारा अॅडाप्टर आणि यूएसबी-सिरियल केबल पुरते. ही केबल ३.३ व्होल्टचीच असावी. ५ व्होल्टची जोडल्यास प्रोसेसरला इजा होऊ शकते. तिच्यातूनच बोर्डाचे संदेश संगणकाच्या पडद्यावर दिसतात. सेकंदाला १,१५,२०० बिट वेग, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट, अशी तिची जुळणी असते. नेटवर्क सुरू होण्यापूर्वी काय घडते हे कळण्याचा दुसरा सोपा मार्ग नसल्याने या केबलवाचून कामाला हात घालू नये.

वीज सुरू झाल्यापासून

ही पद्धत अवघड वाटते ती टप्प्यांची ओळख नसल्यामुळे. वीज मिळताच प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम चालू होतो. तो बोर्डावरील अंगभूत साठवणीतून किंवा मेमरी कार्डावरून ‘एमएलओ’ नावाची छोटी फाइल उचलतो. मुख्य रॅम अद्याप जागी झालेली नसते. म्हणून ही फाइल प्रोसेसरच्या आतील अत्यंत तोकड्या मेमरीत मावेल एवढीच असावी लागते. एमएलओ रॅम सुरू करते आणि ‘यू-बूट’ हा मोठा प्रोग्राम तेथे आणून त्याच्या हाती सूत्रे देते.

यू-बूट हा जगभरातील एम्बेडेड बोर्डांवर वापरला जाणारा मुक्त बूटलोडर आहे. वुल्फगांग डेंक यांनी ‘पीपीसीबूट’ या नावाने सुरू केलेल्या प्रकल्पाला २००२ मध्ये हे नाव मिळाले. यू-बूटला नेटवर्क समजते. तो संगणकावरून कर्नल आणि ‘डिव्हाइस ट्री’ या दोन फायली मागवून रॅममध्ये ठेवतो आणि कर्नल सुरू करतो. डिव्हाइस ट्री म्हणजे त्या विशिष्ट बोर्डावर कोणते भाग कोणत्या पत्त्यावर आहेत याची यादी. त्यानंतर कर्नल स्वतः नेटवर्क सुरू करतो, सर्व्हरवरील फोल्डर रूट म्हणून जोडतो आणि त्यातील ‘इनिट’ हा पहिला प्रोग्राम चालवतो.

या क्रमात नेटवर्क दोनदा सुरू होते आणि दोन्ही वेळा ते सुरू करणारा वेगळा असतो. यू-बूटला मिळालेला आयपी पत्ता कर्नलला आपोआप कळत नाही. सूत्रे हाती येताच कर्नल इथरनेटचा भाग नव्याने सज्ज करतो आणि पुन्हा पहिल्यापासून विचारतो : माझा पत्ता काय, सामान कोणाकडे आहे आणि ते घेण्याची मला परवानगी आहे का? नवख्यांच्या बहुतेक अडचणी या तीन प्रश्नांपैकी एखाद्याचे उत्तर फक्त यू-बूटला सांगून कर्नलला न सांगितल्याने उद्भवतात.

संगणकाची तयारी

संगणकावर दोन सेवा लागतात. पहिली टीएफटीपी. फाइल पोचवण्याची ही अत्यंत साधी पद्धत १९८१ पासून वापरात आहे. मूळ पद्धतीत फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत जाते आणि प्रत्येक तुकड्याची पोच मिळाल्याखेरीज पुढचा तुकडा निघत नाही. पाच मेगाबाइटच्या कर्नलसाठी असे दहा हजारांहून अधिक तुकडे होतात. पासवर्डची सोय नाही, फायलींची यादी पाहण्याची सोय नाही. पण इतकी साधी असल्यामुळेच ती बूटलोडरमध्ये सहज मावते. कर्नल आणि डिव्हाइस ट्री या दोन फायली टीएफटीपी सेवेच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

दुसरी सेवा एनएफएसची. बोर्डासाठीचे फोल्डर, समजा ‘/एसआरव्ही/बोर्ड’, कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यायचे हे ‘एक्सपोर्ट्स’ या फाइलमध्ये एका ओळीत लिहितात. त्या ओळीत बोर्डाचा पत्ता, वाचण्या-लिहिण्याची मुभा आणि ‘नो रूट स्क्वॉश’ ही अट असते. या अटीचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. एरवी एनएफएस सर्व्हर दुसऱ्या यंत्रावरील सर्वाधिकारी वापरकर्त्याला आपल्याकडे सर्वाधिकारी मानत नाही. त्याला सामान्य पाहुण्याचा दर्जा देतो. सुरक्षिततेसाठी हे योग्यच. पण बोर्डावरील जवळजवळ सर्व सेवा सर्वाधिकारी म्हणूनच सुरू होतात आणि आपल्याच घरात पाहुणे ठरल्याने त्यांना साध्या नोंदीही लिहिता येत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेपुरती ही सवलत द्यावी लागते.

दोन्ही सेवा सुरू झाल्यावर बोर्डाला हात लावण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या संगणकावरून त्या तपासाव्यात. त्यासाठी त्या संगणकाला तात्पुरता बोर्डाचाच पत्ता द्यावा, कारण फोल्डरची परवानगी त्या पत्त्यापुरतीच आहे. तेथून टीएफटीपीने फाइल येते का आणि फोल्डर जोडता येते का, हे पाहिले की पुढील शोधाचे अर्धे क्षेत्र वगळता येते. येथे अडले तर संशय प्रथम फायरवॉलवर घ्यावा. टीएफटीपी यूडीपीचा ६९ क्रमांकाचा दरवाजा वापरते, मात्र फाइलचे तुकडे दुसऱ्याच क्रमांकावरून येतात. एनएफएसचा मुख्य दरवाजा २०४९ आहे. तिसऱ्या आवृत्तीला याखेरीज १११ आणि फोल्डर जोडून देणाऱ्या सेवेचा आणखी एक क्रमांक लागतो.

कर्नल आणि फायलींचे झाड

कर्नल संगणकावरच, पण एआरएम प्रोसेसरसाठी तयार करायचा असतो. याला ‘क्रॉस कंपायलेशन’ म्हणतात. त्यात चार गोष्टी अंगभूत असल्याच पाहिजेत : बोर्डाच्या इथरनेटचा ड्रायव्हर, कर्नलने स्वतः आयपी पत्ता घेण्याची सोय, एनएफएसचा वापरकर्ता भाग आणि एनएफएसवरून रूट जोडण्याची सोय. ड्रायव्हर बाहेरील मॉड्यूल म्हणून ठेवला तर ते मॉड्यूल सर्व्हरवरील फोल्डरमध्ये राहते आणि त्या फोल्डरपर्यंत जायला तोच ड्रायव्हर लागतो. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावण्यासारखे ते होते.

फायलींचे झाड उभारण्याचे तीन प्रचलित मार्ग आहेत. डेबियनसारखी तयार प्रणाली एआरएमसाठी फोल्डरमध्ये उतरवता येते. ‘बिल्डरूट’ हे साधन हवे तेवढेच प्रोग्राम निवडून आटोपशीर झाड बांधून देते. अगदी लहान झाड हवे असेल तर ‘बिझीबॉक्स’ पुरतो. अनेक नेहमीच्या आज्ञा एकाच छोट्या प्रोग्राममध्ये सामावणारे हे साधन ब्रूस पेरेन्स यांनी डेबियनच्या प्रतिष्ठापनेसाठी प्रथम लिहिले. कोणताही मार्ग घेतला तरी झाड सर्वाधिकारी म्हणून आणि मूळ परवानग्या कायम ठेवून उलगडावे. साध्या वापरकर्त्याने उलगडल्यास सर्व फायलींची मालकी त्याच्या नावे जाते आणि लॉगइनपर्यंत पोचूनही पुढे विचित्र अडथळे येतात.

झाडात दोन दुरुस्त्या आठवणीने कराव्यात. ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये मेमरी कार्डाला रूट म्हणणारी ओळ असेल तर ती काढावी. तसेच बोर्डावरील नेटवर्क व्यवस्थापकाला मुख्य इथरनेटला हात लावू देऊ नये. पत्ता नव्याने घेण्यासाठी त्याने जोडणी क्षणभर बंद केली, तर ज्या फांदीवर तो स्वतः बसला आहे तीच तोडली जाते. मग पडद्यावर ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ हा संदेश येतो आणि बोर्ड गोठतो.

यू-बूटला द्यायच्या सूचना

बोर्ड सुरू होताच उलटी गणती दिसते. ती संपण्यापूर्वी कळ दाबली की यू-बूटची आज्ञारेषा मिळते. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.१ आणि बोर्डाचा १९२.१६८.१०.२ आहे असे मानू. प्रथम हे दोन्ही पत्ते यू-बूटला सांगावेत. घरातील राउटरकडून पत्ता घेण्याचा मोह येथे टाळावा, कारण अनेकदा त्या उत्तरासोबत राउटर स्वतःचाच पत्ता सर्व्हर म्हणून देतो आणि यू-बूट भलत्याच दारी फाइल मागत बसतो.

नंतर कर्नल आणि डिव्हाइस ट्री रॅममध्ये आणावे. या बोर्डावर कर्नलसाठी षोडशमान पद्धतीतील ८२०००००० आणि डिव्हाइस ट्रीसाठी ८८०००००० हे पत्ते रूढ आहेत. दोहोंत ९६ मेगाबाइटचे अंतर असल्याने मोठा कर्नलही दुसऱ्या फाइलवर चढत नाही.

यापुढील टप्पा कर्नलला निरोप देण्याचा. ‘बूटआर्ग्ज’ या नावाने साठवायच्या त्या एका ओळीत पाच गोष्टी याव्या लागतात. संदेश कोणत्या सिरियल दारावर आणि किती वेगाने पाठवायचे. रूट एनएफएसवर आहे. तो वाचण्या-लिहिण्यासाठी जोडायचा आहे. सर्व्हरचा पत्ता व फोल्डरचा पूर्ण मार्ग. आणि कर्नलचा स्वतःचा आयपी पत्ता. शेवटच्या नोंदीत बोर्डाचा पत्ता, सर्व्हर, गेटवे, नेटमास्क, यंत्राचे नाव, इथरनेटचे नाव आणि पत्ता आपोआप घ्यावा की नाही, अशी सात घरे विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी वेगळी केलेली असतात. एखादे घर रिकामे ठेवले तरी त्याची टिंबे ठेवावीच लागतात. नाहीतर पुढची सर्व मूल्ये एक घर सरकतात.

फोल्डरच्या मार्गापुढे स्वल्पविराम देऊन एनएफएसची तिसरी आवृत्ती आणि टीसीपी यांचा स्पष्ट उल्लेख करावा. कर्नलमधील ही सोय मुळात दुसऱ्या आवृत्तीसाठी आणि यूडीपीसाठी लिहिलेली होती. आजच्या बहुतेक सर्व्हरवर ही दोन्ही बंद असतात. जुन्या मार्गदर्शिकांतील ओळ जशीच्या तशी उतरवल्यास बोर्ड थांबण्याचे हे एक मोठे कारण ठरते.

अखेरीस ‘बूटझेड’ या आज्ञेला कर्नलचा पत्ता, मध्ये एक आडवी रेघ आणि मग डिव्हाइस ट्रीचा पत्ता द्यावा. ती रेघ सुरुवातीच्या तात्पुरत्या रॅमडिस्कची जागा रिकामी असल्याचे सांगते. ती गाळली तर डिव्हाइस ट्रीलाच रॅमडिस्क समजले जाते. सर्व सुरळीत झाल्यावर या आज्ञा यू-बूटमध्ये साठवल्या की पुढे फक्त वीज सुरू करावी लागते.

बोर्ड कोठे थांबला?

या पद्धतीचा एक गुण असा की प्रत्येक टप्प्याची चूक वेगळ्या खुणेने कळते. सिरियल पडद्यावर इंग्रजी ‘सी’ हे अक्षर पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर प्रोसेसरला एमएलओ सापडलेली नाही आणि तो ती केबलमधून मागत आहे. यू-बूटमध्ये ‘टी’ अक्षरांची रांग लागली, तर टीएफटीपीला वेळेत उत्तर मिळत नाही. तार, पत्ता किंवा फायरवॉल पाहावी.

‘स्टार्टिंग कर्नल’ या शब्दांनंतर शांतता पसरली म्हणजे कर्नल बंदच पडला असे नव्हे. संदेशांसाठी चुकीचे सिरियल दार सांगितले असेल तर तो चालू असूनही मुका राहतो. डिव्हाइस ट्री दुसऱ्या बोर्डाची असली तरीही हेच दिसते.

कर्नल बराच मजकूर छापून ‘व्हीएफएस’ने सुरू होणाऱ्या तक्रारीवर थांबला आणि कंसात ०, २५५ ही जोडी दिसली, तर नेटवर्कवरून रूट हवा आहे हे कर्नलला कळले आहे; तो जोडता आलेला नाही. कर्नलमध्ये ती सोय बांधलेली आहे का, पत्ता मिळाला का आणि सर्व्हरने परवानगी दिली का, या क्रमाने पाहावे. सर्व्हरच्या नोंदवहीत बोर्डाची मागणी आलेली दिसली तर दोष परवानगीत वा मार्गात आहे. मागणीच आली नसेल तर नेटवर्कमध्ये. रूट जोडला जाऊन ‘इनिट’ सापडत नसल्याची तक्रार आली, तर झाड दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेले असते किंवा त्यातील लायब्ररी अपुऱ्या असतात.

मर्यादा

एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत, नेहमीच्या मांडणीत, सर्व्हर वापरकर्त्याच्या ओळखीसाठी समोरच्या यंत्राने सांगितलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवतो आणि मजकूर तारेतून उघडाच जातो. त्यात ‘नो रूट स्क्वॉश’ची सवलत दिलेली असल्याने, बोर्डाचा पत्ता धारण करणारे कोणतेही यंत्र त्या फोल्डरमध्ये सर्वाधिकारी ठरते. म्हणून बोर्ड आणि संगणक यांच्यात स्वतंत्र तार असावी. कार्यालयाच्या सामायिक नेटवर्कवर हे फोल्डर खुले ठेवू नये. इंटरनेटवर तर मुळीच नाही.

एकच झाड दोन बोर्डांना लिहिण्याच्या मुभेसह देऊ नये, कारण दोघेही एकाच नोंदींवर आपापले लिहीत राहतात. वाय-फायवरून ही पद्धत सरळ चालत नाही, कारण वाय-फायची फर्मवेअर आणि पासवर्ड बहुधा रूटमध्येच असतात. आणि येथे मोजलेला सुरू होण्याचा वेळ अंतिम उपकरणाचा मानू नये. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे उत्तम स्थितीतही सुमारे साडेबारा मेगाबाइट. बोर्डावरील साठवणीचा वेग आणि स्वभाव दोन्ही निराळे असतात. अचानक वीज गेल्यावर साठवण कशी वागते हेही नेटवर्कवरील रूटमध्ये कधीच दिसत नाही, कारण फायली संगणकावर सुरक्षित राहतात. विकासाच्या काळात जो लाभ, तोच अंतिम चाचणीत आडपडदा ठरतो. म्हणून काम पूर्णत्वाला आले की तेच झाड बोर्डाच्या साठवणीत उतरवून, वीज मध्येच तोडून, पुन्हा सर्व तपासावे लागते.

तोवर मात्र बोर्डाकडे स्वतःचे असे एमएलओ आणि यू-बूट एवढेच असते. फाइल संगणकावर सुधारायची आणि बोर्डावर तत्काळ चालवून पाहायची, इतकी ती फेरी आखूड होते. पहिल्या उभारणीत एखादा दिवस जातो. तो पुढील महिन्यांत कित्येक पटींनी परत मिळतो.